गणेशखिंडीचा वाडा आणि खानदेशचा कापूस

देवळाचा इतिहास लोक हौसेने ऐकतात, किल्ल्याचा तर त्याहून हौसेने. पण कचेरीच्या इमारतीचा इतिहास सांगायला बसावे, तर ऐकणारा आधी घड्याळाकडे पाहतो. कचेरी म्हणजे रांग, खिडकी, शिक्का आणि ‘साहेब जेवायला गेलेत’. तिला इतिहास कसला? तरीही आज मी जिची हकीकत सांगणार आहे, ती एक कचेरीच आहे. पुण्याच्या गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत. २०१४ सालापासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आमच्या वेळी ते नुसते पुणे विद्यापीठ होते. महाविद्यालयांना मान्यता द्यायची, परीक्षांचे नियम करायचे, कुलगुरू आणि कुलसचिवांनी सह्या करायच्या, हा सगळा कारभार या काळ्या दगडाच्या वाड्यातून चालत आला आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा. तिथून पुणे सुमारे चारशे किलोमीटर. मग धानोऱ्याच्या माणसाने गणेशखिंडीच्या इमारतीची वास्तपुस्त करण्याचे कारण काय? कारणे दोन आहेत. १९४९ पासून १९९० पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे, आमच्या भागातला मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की तिच्या कागदावरचा शिक्का याच विद्यापीठाचा असे. हे पहिले कारण. दुसरे जरा जुने आहे आणि ते पांढरे आहे. त्याचे नाव कापूस.

कापसापूर्वी थोडे साहेबाविषयी. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर एका जागी राहत नसे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पाऊस सुरू झाला की पुणे, असा त्याचा फेरा ठरलेला. साहेबामागे कारभारी, कारभाऱ्यांमागे दप्तरे, दप्तरांमागे शिपाई आणि खानसामे, असा सगळा लवाजमा घाट चढून वर येई. पुण्यात मुक्कामाला दापोडीचा बंगला होता. तो मुळात फोर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा; सर जॉन माल्कमने १८२८ साली तो सरकारसाठी घेतला. बंगला ऐसपैस, भोवती बाग नामांकित. तीस-पस्तीस वर्षे गव्हर्नरांचे पावसाळे तिथे सुखाने गेले. पण १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला आणि त्याला दापोडी अपुरी वाटू लागली.

हा फ्रियर मोठा हिकमती माणूस. साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथला रेसिडेंट हाच होता, आणि ते खालसा करू नये असे त्याचे मत होते, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पुढे सिंध प्रांत त्याने सांभाळला. मुंबईला आल्यावर त्याने शहराचा जुना कोट पाडायला काढला, कोटाच्या जागी रुंद रस्ते आणि मोठमोठ्या सार्वजनिक इमारती उठवायचा घाट घातला. कोट पाडण्यासाठी जी समिती नेमली, तिच्याकडे जेम्स ट्रबशॉ नावाचा वास्तुविशारद होता. गणेशखिंडीच्या नव्या गव्हर्नमेंट हाऊसचा आराखडा याच ट्रबशॉने केला. काम सुरू झाले १८६४ साली.

या सालाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने कोंडली. तिथला कापूस तिथेच अडकला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग साऱ्या जगाचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. एरवी हाच कापूस आखूड धाग्याचा, कचऱ्याचा, भेसळीचा म्हणून नाक मुरडून घेतला जाई. आता तो मिळेल त्या भावाने, मिळेल तसा उचलला जाऊ लागला. चार वर्षांत भाव चौपटीच्या वर गेले. गुजरात, वऱ्हाड आणि आमचा खानदेश हे तीन मुलूख एकाएकी लक्ष्मीचे माहेर झाले.

खानदेशची काळी जमीन कापसाला फार मानवते. तापीच्या काठची माती पाऊस पिऊन बसते आणि दिवाळीनंतरही ओल धरून ठेवते. ज्वारी पोटाला आणि कापूस हाताला, हा आमच्याकडचा जुना हिशोब. त्या चार-पाच वर्षांत तो हिशोब उलटला. लोकांनी ज्वारीची वावरेसुद्धा कापसाखाली घातली. चांगल्या धाग्याचे हिंगणघाटी बियाणे खानदेशात रुजवण्याची खटपट सरकारनेही याच सुमारास चालवली. भेसळ करणाऱ्यांना धाक बसावा म्हणून १८६३ साली मुंबई सरकारने कापसाच्या लबाडीविरुद्ध खास कायदाही केला. यावरून मालाला मागणी केवढी आणि मालात पाणी मारणारे किती, याची कल्पना यावी. पश्चिम खानदेशात तेव्हा आगगाडी नव्हती. नंदुरबारवरून जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग एकोणिसावे शतक सरता सरता झाला. तोवर कापूस बैलगाडीनेच हलायचा. सुरतेच्या वाटेने गाड्यांच्या माळा लागत. त्या सुगीच्या दिवसांत काही शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट खानदेशापासून गुजरातेपर्यंत सांगतात. चांदीची धाव आमच्या खडकाळ नाल्यात किती दिवस टिकली असेल, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्याला विचारू नये.

मुंबईत तर नुसता उन्माद होता. कापसापायी आलेला जादा पैसा कोटी-कोटीने मोजला जात होता. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीच्या भागांचे भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पटीने चढले. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. म्हणजे पाहा, मुंबईच्या विद्यापीठाचे शिखरही कापसाचेच.

गणेशखिंडीचा वाडा सुरू झाला तो या धुंदीत. कापसाचा अमुक रुपया अमुक भिंतीत गेला, असे काही सरकारी खतावणीत लिहिलेले नसते, आणि तसा माझा दावाही नाही. पण इलाख्याची तिजोरी भरलेली, जकात आणि सारा वाढता, सावकार-व्यापारी सरकारच्या दारात उभे, अशा वेळी गव्हर्नराचा हात सैल सुटतो. तो हात कापसाने सैल केला, एवढे मी म्हणतो. मुंबईत भाव उतरलेले असते, तर दापोडीचा बंगला अजून पन्नास वर्षे पुरला असता.

जागा निवडली तीही पाहण्यासारखी. गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधले हे माळरान मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची फौज इथेच इंग्रजांवर चालून गेली. मराठ्यांचे घोडदळ भरधाव निघाले आणि इंग्रजांच्या ओळीपुढच्या दलदलीत त्याची गती मोडली. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. दोन आठवड्यांत पुणे इंग्रजांच्या हाती गेले. ज्या मैदानाच्या काठावर पेशवाई संपायला लागली, त्याच्याच शेजारी सत्तेचाळीस वर्षांनी गव्हर्नराच्या वाड्याचा पाया खणला गेला.

इमारत घाटाने इटालियन. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने वाइट बेटावर ऑस्बोर्न हाऊस नावाचा वाडा बांधवला होता. त्याची आठवण करून देणारा हा आराखडा. कमानींच्या लांब ओवऱ्या, पुढे गाडी उभी राहील असा कमानदार दरवाजा आणि या सर्वांवर मान वर काढून उभा असलेला निशाणाचा उंच मनोरा. गव्हर्नर मुक्कामाला असला की मनोऱ्यावर निशाण चढे. दगड मात्र आपल्या मातीतला, सह्याद्रीचा काळसर बेसाल्ट. मला विचाराल तर ही सोयरीक पूर्ण जमलेली नाही. इटलीच्या उन्हात पिवळ्या दगडाच्या कमानी जशा हसतात, तशा या काळ्या दगडाच्या कमानी हसत नाहीत. त्या भारदस्त दिसतात. पण पावसाळ्यात, म्हणजे ज्या ऋतूसाठी वाडा बांधला त्या ऋतूत, हिरव्यागार आवारात तो ओला काळा दगड पाहावा. तेव्हा ट्रबशॉला क्षमा करावीशी वाटते.

आता कापसाची दुसरी बाजू. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले. बातमी मुंबईत येताच कापूस कोसळला, आणि त्याच्या मागोमाग भागांचा बाजार कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या हिशोबांचा दिवस मुंबईच्या व्यापाराने कित्येक पिढ्या विसरला नाही. लक्षाधीश रस्त्यावर आले. प्रेमचंद रायचंद बुडाले. खुद्द सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे बुडाली. आणि इकडे गणेशखिंडीत भिंती अर्ध्या चढलेल्या!

शहाण्या माणसाने बांधकाम थांबवले असते. सरकारने थांबवले नाही. अंदाजपत्रक मागे पडले, खर्च पुढे गेला. १८६७ साली फ्रियर स्वदेशी गेला, त्याच्या जागी सर सेमूर फिट्झजेराल्ड आला आणि वाडा पुरा झाला तो १८७१ साली. खर्चाचा आकडा पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला; पौंडाला दहा रुपये या तेव्हाच्या भावाने साडेसतरा लाख रुपये. तेही वर्षातून चार-पाच महिने वापरायच्या घरासाठी. लंडनच्या पार्लमेंटात या खर्चावर कडक टीका झाली. मुंबईचे गव्हर्नर किती उधळे आहेत आणि वरिष्ठांना किती जुमानत नाहीत, याचा मासला म्हणून या इमारतीकडे बोट दाखवले गेले. म्हणजे हा वाडा उधळपट्टीचा आहे हे आपणच म्हणतो असे नाही. मालकांच्या घरातही तेच बोलले गेले.

कापूस पडला तेव्हा मुंबईच्या शेठांचे काय झाले, हे पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेले आहे. शेतकऱ्याचे काय झाले? चढत्या भावावर त्याने लग्ने केली, बैल घेतले, विहिरी खणल्या आणि सावकाराने चढत्या भावावर हात मोकळा सोडून कर्ज दिले. भाव उतरले, कर्ज राहिले. त्यात साऱ्याची फेरआकारणी झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. धान्य किंवा दागिने हा त्यांचा पहिला रोख नव्हता. कर्जाचे कागद बाहेर काढून त्यांची होळी केली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. या दंग्याच्या कारणांत कापसाच्या तेजी-मंदीचे नाव येतेच. सुपे ते गणेशखिंड अंतर फारसे जास्त नाही. कागद जाळणाऱ्यांना ज्या वाड्याची ओळखही नव्हती, तो आणि त्यांचे कर्ज एकाच तेजीची लेकरे होती.

यानंतरची पंचवीस वर्षे मेजवान्यांची, नाचांची आणि दरबारांची. ती मी सोडून देतो. पुण्याच्या आठवणीत मात्र या वाड्याची एक रात्र कायमची राहिली आहे. १८९७ साल. पुण्यात प्लेगने थैमान घातलेले. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड. त्याचे गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत. माजघर पाहिले नाही, देवघर पाहिले नाही. लोक चिडून धुमसत होते. अशात २२ जूनला राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा उत्सव आला. त्या रात्री गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या या वाड्यात समारंभ होता. सगळीकडे रोषणाई, गाड्यांची रीघ. पाहुणे परतायला लागले ते मध्यरात्रीच्या सुमारास. गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर टपून बसले होते. ‘गोंद्या आला रे’ ही खूण ठरलेली. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट या दोघांच्या गाड्यांवर गोळ्या झडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण. याच खळबळीत लोकमान्यांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आज त्या रस्त्यावरून मोटारी अशा धावतात की उभे राहून आठवण काढायलाही जागा नाही.

स्वातंत्र्य आले आणि असल्या वाड्यांचे करायचे काय, हा प्रश्न आला. इकडे महाराष्ट्राला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी जुनीच होती. आपली सारी महाविद्यालये तोवर मुंबई विद्यापीठाखाली. १९४२ साली मुंबई सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली या कामी समिती नेमली होती. पुढे बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४८ साली पुणे विद्यापीठाचा कायदा झाला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीला कचेरीला स्वतःचे छप्पर नव्हते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या निजाम अतिथिगृहात काही दिवस बिऱ्हाड मांडले. मग १ जून १९४९ रोजी विद्यापीठ गणेशखिंडीच्या वाड्यात आले. सोबत चारशे अकरा एकरांचे आवार मिळाले. जूनची पहिली तारीख! इतकी वर्षे याच सुमाराला गव्हर्नराचा लवाजमा घाट चढून यायचा. या वर्षी कुलसचिवांची दप्तरे आली.

राहण्याचा वाडा आणि बसण्याची कचेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे एका माणसाचा डामडौल मावावा म्हणून खोल्या उंच आणि ओवऱ्या लांब केल्या, तिथे आता टेबले, कपाटे आणि फायली मावायच्या होत्या. सुरुवातीचा पसारा आजच्या मानाने लहान होता: अठरा महाविद्यालये आणि आठ हजारांच्या वर विद्यार्थी. पण हे विद्यार्थी बारा जिल्ह्यांतले होते, कोल्हापूरपासून खानदेशापर्यंतचे. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे राहिले पाच: पुणे, नगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. जयकरांनंतर १९५६ साली रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. ते गव्हर्नरी राज्यात इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या एका आयुष्यात या वाड्याने मालक बदलला, एवढेच यातले मला मोठे वाटते. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार, धनंजयराव गाडगीळ अशी माणसे त्या खुर्चीवर बसली.

खानदेशच्या दृष्टीने सांगायचे तर, १९४५ साल आमच्याकडे विद्येचे सुगीचे साल. त्या एकाच वर्षी अमळनेरचे आणि जळगावचे महाविद्यालय सुरू झाले. अमळनेरला प्रतापशेठजींचे नाव, जळगावला मूळजी जेठांचे. अमळनेर हे कापसाच्या पेठेचे आणि गिरणीचे गाव, आणि प्रतापशेठजी गिरणीमालक. मुंबईतल्या तेजीने राजाबाई टॉवर दिला, तसा आमच्या कापसाने आम्हाला कॉलेज दिले, फक्त ऐंशी वर्षे उशिरा. १९४९ नंतर या महाविद्यालयांचे टपाल गणेशखिंडीला जाऊ लागले.

माझे स्वतःचे टपाल गेले ते १९७४ साली. मी बी.ए. झालो होतो. घरातला पहिलाच. मास्तरकीच्या नोकरीसाठी पदवीचा कागद लवकर हवा होता, म्हणून पोस्टाची वाट न पाहता स्वतः पुण्याला निघालो. बहात्तरच्या दुष्काळाने कंबर मोडलेली होती. त्यानंतर पहिल्यांदा घरात कापसाचा चुकारा बऱ्यापैकी आला होता. त्याच पैशातून आबांनी एस.टी.चे भाडे काढून दिले. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ सालीच सुरू झाली होती आणि आमचा कापूस त्या योजनेत गेला होता. धुळे, नाशिक, संगमनेर, नारायणगाव अशी रात्रभराची गाडी. पहाटे शिवाजीनगरच्या स्थानकावर तोंड धुतले आणि विचारत विचारत विद्यापीठाच्या फाटकाशी गेलो.

खरे तर माझे काम आवारातल्या दुसऱ्याच एका कचेरीत होते. ते तासाभरात झालेही. खिडकीवरच्या कारकुनाने माझे नाव वाचले, गाव वाचले आणि विचारले, “धानोरा म्हणजे कुठे आले?” म्हटले, “नंदुरबारकडे.” “मग धुळे जिल्हा,” तो म्हणाला आणि कागद हाती देताना आपण होऊन म्हणाला, “आलाच आहात तर मुख्य इमारत बघून जा.” तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

मुख्य इमारत बाहेरून पाहिली. दगडी कमानींखाली उभा राहिलो, मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले. वडाच्या पारंब्यांखाली बसून माईने बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या. आत जायला कोणी हरकत घेतली नव्हती, पण वहाणांना चारशे किलोमीटरची धूळ होती आणि आत काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर नव्हते.

घरी आल्यावर आबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. त्यांना अक्षर ओळख नव्हती, पण शिक्क्यावर बोट फिरवले. मग मी इमारतीचे वर्णन सुरू केले. मनोरा, कमानी, आवार. आबा म्हणाले, “इतलं मोठं घर! तठे ऱ्हास कोन?”

मी म्हटले, “आता कोणी राहत नाही. कचेरी आहे. आधी लाटसाहेब राहायचा. पावसाळ्याचे चार-पाच महिने.”

“नि बाकीना महिना?”

“बाकीचे महिने तो मुंबईला नाहीतर महाबळेश्वरला.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या साली त्यांनी गोठ्याला एक खण वाढवायचे मनात आणले होते आणि लाकूड महाग म्हणून रहित केले होते. आठ महिने रिकामे राहणारे घर कोणी बांधते, ही गोष्ट त्यांच्या हिशोबात बसेना. मग त्यांनी विचारले, पैसा कुणाचा? तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते. फ्रियर, अमेरिकेचे युद्ध, पार्लमेंटातली टीका हे सारे मी पुढे मास्तरकी करता करता वाचले. वाचले तोवर आबा राहिले नव्हते. नाहीतर त्यांना सांगितले असते की, आबा, ज्या साली तो वाडा चढायला लागला त्या साली आपल्या कापसाला सोन्याचा भाव होता. आणि तो पुरा झाला त्या साली आपली माणसे सावकाराच्या वहीत होती.

वाड्याच्या आत मी गेलो ते १९८६ साली, एका बैठकीच्या निमित्ताने. तोवर मी शाळेतून महाविद्यालयात आलो होतो. उंच छताखाली पंखे संथ फिरत होते. जिथे निमंत्रणाशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती, तिथे जिन्यावर खेड्यापाड्यांतून आलेले प्राध्यापक कागदांच्या पिशव्या काखेत मारून उभे होते आणि मोठमोठ्याने बोलत होते. याच वाड्यात संत ज्ञानेश्वरांच्या नावाचे सभागृह आहे. माझ्या शेजारी नाशिककडचे एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. ते सगळा वेळ छताकडे पाहत होते. बैठक संपल्यावर म्हणाले, “एवढ्या उंच छताखाली माणसाला आपले म्हणणे फार लहान वाटते. बांधणाऱ्याचा हेतू तोच असावा.” मला ते पटले. पण मी हेही पाहिले की, चहा आला तेव्हा सगळ्यांनी कप-बशा लाटसाहेबाच्या खिडक्यांच्या दगडी कट्ट्यांवर बिनदिक्कत ठेवल्या. हेतूचे आयुष्य दगडाइतके नसते.

एक गोष्ट मला कबूल करता येत नाही. ही इमारत पाहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तिच्याकडे ‘इंग्रजांनी आपल्याला दिलेली’ म्हणून बोट दाखवतात. दिली कुणी? जमीन इथली, दगड इथला, वाहणारे खांदे इथले आणि खर्च या इलाख्याच्या तिजोरीचा. साहेबाने आराखडा आणला आणि वापर केला. घरमालक आणि भाडेकरू यांतला फरक आपल्याकडे गाव-चावडीवरही कळतो.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले आणि धुळे-जळगावची महाविद्यालये गणेशखिंडीपासून सुटी झाली. आमच्या पोरांचा रात्रभराचा प्रवास वाचला, हे फार चांगले झाले. जळगावच्या विद्यापीठात मनोरा नाही नि इटालियन कमानीही नाहीत. त्याला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. बहिणाबाई आसोद्याच्या लेकी, आमच्या काळ्या मातीत राबलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्या १९५१ साली वारल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती पुढच्या वर्षी. म्हणजे आज एका विद्यापीठावर मुलींची पहिली शिक्षिका आणि दुसऱ्यावर शाळा न पाहिलेली शेतकरीण, अशी दोन नावे आहेत, आणि दोन्ही बायकांची.

माझी पदवी पुण्याची. १९९० नंतर शिकलेल्या माझ्या मुलीची पदवी जळगावची, आणि आता नातीचीही जळगावचीच. तिघांचे कागद धानोऱ्याच्या घरात आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत; खाली कापसाच्या जुन्या पावत्या आहेत, कारण त्या काढून टाकायचे कोणी मनावर घेतलेले नाही.